बाबांची फाईल आणि सेल्येचे उंदीर

गेल्या महिन्यात आईच्या कपाटाचा वरचा कप्पा आवरायला काढला. जुनी बिलं, लग्नपत्रिका, बंद पडलेली घड्याळं या सगळ्याखाली बाबांची निळी फाईल मिळाली. बाबांना जाऊन आता आठ वर्षं होतील. फाईल बाबांची, म्हणजे सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेले. त्यात एक आहाराचा कागद होता, नोव्हेंबर १९८४ चा. दर दोन तासांनी थंड दूध, मऊ भात, तिखट-तळकट आणि चहा बंद. आणि सगळ्यात खाली, दोन रेघा मारून : मानसिक ताण टाळावा.

तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ स्टुलावरच बसून राहिले. कारण त्या शेवटच्या ओळीनं आमच्या घरात पुढची बारा वर्षं राज्य केलं.

तर झालं असं होतं. मी तेव्हा नववीत. सहामाहीत गणितात नापास झाले आणि प्रगतिपुस्तक बाबांच्या सहीसाठी पुढे केलं. बाबा काहीच बोलले नाहीत, सही केली. त्याच रात्री त्यांच्या पोटात जोरात दुखायला लागलं आणि पहाटे रक्ताची उलटी झाली. निदान अल्सरचं. दवाखान्याच्या व्हरांड्यात आत्या कुणाला तरी म्हणाली, "पोरांच्या काळजीनं पोखरलाय हो तो आतून." ती सहज बोलली. मी मात्र ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. बाबांच्या पोटाला भोक पडलं ते माझ्या गणितामुळे, अशी माझी पक्की खात्री होती आणि हे मी कुणालाही बोलून दाखवलं नाही. (ताई, तू हे पहिल्यांदाच वाचत असशील.)

पुढे मी जीवशास्त्र शिकले, कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षं शिकवलंही. अंतःस्रावी ग्रंथींचा धडा आला की दर वर्षी अधिवृक्क ग्रंथी म्हणजे ॲड्रिनलपाशी मी जरा थांबायचे. 'मानसिक ताण टाळावा' ही ओळ मिरजेतल्या एका डॉक्टरांच्या लेखणीत आली कुठून, हे मी हळूहळू वाचत गेले. ती गोष्ट आज सांगते. लांबण लागेल, पण गोष्ट चांगली आहे.

या गोष्टीचा नायक हान्स सेल्ये. जन्म १९०७, व्हिएन्नाचा. वडील ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात शल्यचिकित्सक. वैद्यकीचं शिक्षण प्रागमधे. १९२५ साली हा अठरा वर्षांचा विद्यार्थी वर्गात बसलेला असताना प्राध्यापकांनी एकामागून एक रुग्ण आणून दाखवले. प्रत्येकाचा आजार वेगळा. प्राध्यापक प्रत्येकाची खास लक्षणं दाखवत होते. सेल्येला मात्र वेगळंच काही दिसत होतं. सगळ्यांचीच जीभ पांढरी, सगळ्यांचंच अंग दुखतंय, भूक नाही, थोडा ताप. आजार कुठलाही असो, ही माणसं 'आजारी' दिसतात ती एकाच प्रकारे. हे काय आहे? प्रश्न इतका साधा की विचारला असता तर वर्ग हसला असता. त्यानं तो मनातच ठेवला.

दहा वर्षांनंतर सेल्ये कॅनडात, माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात होता. तिथे जेम्स कॉलिप यांच्या हाताखाली काम. टोरांटोमधे इन्सुलिन शुद्ध करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते हेच कॉलिप. तो काळ संप्रेरकांच्या शोधाचा. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी नवं संप्रेरक शोधत होतं आणि आपणही एक शोधावं असं प्रत्येक तरुण संशोधकाला वाटत होतं. सेल्येकडे काम होतं बीजांडकोशातलं नवं संप्रेरक शोधण्याचं. कत्तलखान्यातून गाईंचे बीजांडकोश आणायचे, त्यांचा अर्क काढायचा, तो उंदरांना टोचायचा आणि नंतर उंदीर उघडून बघायचं.

उंदरांच्या पोटात त्याला तीन गोष्टी दिसल्या. अधिवृक्क ग्रंथींची साल सुजून मोठी झालेली. थायमस आणि लसिका ग्रंथी आकसलेल्या (थायमसला आमच्या पाठ्यपुस्तकात 'यौवनलोपी' असं सुंदर नाव आहे). आणि जठरात, लहान आतड्याच्या सुरुवातीला, रक्त येणारे व्रण. म्हणजे अल्सर!

सेल्ये हरखला. आजवरच्या कुठल्याच संप्रेरकानं असं होत नव्हतं, म्हणजे हे नवंच. पण मग त्यानं नाळेचा अर्क टोचून पाहिला, तर तेच. मूत्रपिंडाचा, प्लीहेचा, तरी तेच. आणि गंमत म्हणजे अर्क जितका अशुद्ध तितका परिणाम जास्त. संप्रेरकाचं असं नसतं, ते शुद्ध केलं की जोर वाढायला हवा. शेवटी त्यानं फळीवरची फॉर्मॅलिनची बाटली घेतली आणि ते टोचलं. ज्यात प्रेतं टिकवतात ते फॉर्मॅलिन, त्यात कसलं आलंय संप्रेरक? तरी तीच तीन लक्षणं, उलट अधिकच ठळक.

संप्रेरकाचा शोध तिथेच संपला. दुसरा कुणी असता तर त्यानं वही मिटून दुसरा विषय घेतला असता. सेल्येही म्हणे बरेच दिवस खिन्न होता. आणि मग त्याला प्रागचा तो वर्ग आठवला. कारण कुठलंही असो, आजारी माणसं सारखीच दिसतात. इथे टोचलेलं काहीही असो, उंदीर सारखेच बिघडतात. म्हणजे आपण पाहतोय तो अर्काचा परिणाम नाहीच, ते शरीराचं उत्तर आहे!

(रॉबर्ट सापोल्स्की यांच्या पुस्तकात याच गोष्टीचं आणखी मजेदार रूप आहे. सेल्ये इतका धांदरट की उंदीर हातातून पडायचे आणि मग हा झाडू घेऊन त्यांच्या मागे खोलीभर धावायचा. अर्क न दिलेल्या उंदरांनाही अल्सर झाले ते त्यामुळे. सेल्ये स्वतः सांगायचा ती गोष्ट फॉर्मॅलिनची.)

मग त्यानं उंदरांना थंडीत ठेवलं, शस्त्रक्रिया केल्या, दमेपर्यंत पळवलं, निरनिराळी औषधं दिली. उत्तर तेच. ४ जुलै १९३६ च्या 'नेचर'मधे त्याचं एक छोटंसं पत्र आलं, जेमतेम एका पानाचं. त्यात तीन पायऱ्या सांगितल्या होत्या. पहिली धोक्याच्या घंटेची, ६ ते ४८ तासांची. दुसरी तग धरण्याची, ज्यात उंदीर जवळजवळ पूर्ववत दिसतात. आणि त्रास चालूच राहिला तर एक ते तीन महिन्यांनी तिसरी, खचण्याची. या पत्रात 'स्ट्रेस' हा शब्दच नाही. तो त्यानं नंतर उचलला, भौतिकशास्त्रातून. पुढे स्वतःच कबूल केलं की माझं इंग्रजी तेव्हा कच्चं होतं, मला खरं तर 'स्ट्रेन' म्हणायचं होतं. पण तोवर शब्द जगभर गेला होता. पॅरिसला व्याख्यान देताना फ्रेंच शब्द सापडेना तेव्हा त्यानं सरळ 'ल स्ट्रेस' म्हणून टाकलं आणि तेच फ्रेंचमधे रुजलं. आपल्याकडे 'ताण' हा शब्द आधीच होता, दोरीचा, पाण्याच्या पृष्ठभागाचा. तोच माणसालाही लागू झाला. आणि बोलताना तर आपण 'टेन्शन'च म्हणतो.

आता हे शरीरात घडतं कसं? सेल्येच्या आधी हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी पहिली घंटा शोधली होती. कुत्रा अंगावर आला की ॲड्रिनॅलिन सुटतं, छाती धडधडते, पाय पळायला तयार. ते काही सेकंदांचं काम. ते येतं अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यातून. सेल्येला दिसली ती त्याच ग्रंथीची साल, आणि तिचं काम मिनिटा-तासांचं. त्यानं उंदरांची पियुषिका काढून पाहिली, तर ग्रंथी सुजेना. अधिवृक्क काढून पाहिली, तर थायमस आकसेना. म्हणजे ही साखळी होती : पियुषिका हुकूम देते, अधिवृक्काची साल ऐकते आणि तिच्यातून जे सुटतं त्यानं थायमस आकसतो. ते जे सुटतं त्यातलं मुख्य म्हणजे आज ज्याला आपण कॉर्टिसॉल म्हणतो ते (उंदरात त्याचं भावंड, कॉर्टिकोस्टेरॉन). ते रक्तातली साखर वाढवतं, दाह कमी करतं, प्रतिकारशक्तीला आवर घालतं. घराला आग लागली असताना कुणी भिंती रंगवत बसत नाही, तसंच हे. पुरेसं कॉर्टिसॉल झालं की तेच मेंदूकडे जाऊन सांगतं, बास आता. हा 'बास' फार महत्त्वाचा. तो नीट पोचला नाही तर आग विझल्यावरही बंब पाणी मारतच राहतो.

पण पियुषिकेला हुकूम कोण देतं? हे शोधायला आणखी पंचेचाळीस वर्षं गेली. सेल्येचाच एक विद्यार्थी, रॉजर गिय्येमँ, फ्रान्सहून माँट्रियलला आला होता. १९५५ साली अमेरिकेत त्यानं, आणि त्याच सुमारास मॅकगिलमधे मरे सॅफ्रन आणि अँड्र्यू शॅली यांनी दाखवलं की अधश्चेतकात, म्हणजे हायपोथॅलॅमसमधे, असं काहीतरी आहे जे पियुषिकेला जागं करतं. पण ते इतकं थोडं की हाती लागेना. गिय्येमँनी कत्तलखान्यांतून लाखो मेंढ्यांच्या मेंदूंचे तुकडे गोळा केले, शॅलींनी डुकरांचे. दोघं काही वर्षं एकाच प्रयोगशाळेत होते, मग कट्टर प्रतिस्पर्धी झाले. १९६९ मधे दोघांनाही अवटू ग्रंथीला जागं करणाऱ्या साखळीतलं संप्रेरक मिळालं, १९७७ मधे दोघांना नोबेलही मिळालं. पण ज्याच्या शोधात निघाले होते ते ताणाचं संप्रेरक दोघांनाही हुलकावणी देत राहिलं. ते सापडलं १९८१ साली, गिय्येमँचा विद्यार्थी वायली व्हेल आणि त्याच्या सहकाऱ्यांना. ४१ अमिनो आम्लांची माळ. गुरू, शिष्य, शिष्याचा शिष्य, असे तीन जण लागले एका साखळीची वरची कडी शोधायला. सेल्ये १९८२ मधे गेला, म्हणजे ते ऐकायला तो होता.

इथपर्यंत सगळं छान. पण सेल्ये इथे थांबला नाही. त्याचं म्हणणं असं की शरीराचं हे उत्तर सरसकट असतं, कारण कुठलंही असो उत्तर एकच, आणि ते चुकलं की त्यातूनच रक्तदाब, संधिवात, हृदयरोग, अल्सर होतात. १९५६ मधे त्यानं सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिलं आणि ते खूप खपलं. तो व्याख्यानं देत जगभर फिरला. प्रयोगशाळेतला शब्द दिवाणखान्यात आला, तिथून दवाखान्यात आणि अखेरीस आमच्या निळ्या फाईलीत.

पण प्रयोगशाळेत मात्र या 'सरसकट'ला तडे जात होते. अमेरिकेत जॉन मेसन माकडांवर काम करत होता. माकडांना उपाशी ठेवलं की ताणाची संप्रेरकं वाढायची. सेल्येच्या हिशेबात ठीकच होतं, उपास हा शरीराला त्रासच. पण मेसननं त्यांना दिसायला खऱ्यासारख्याच पण काही सत्त्व नसलेल्या गोळ्या खायला दिल्या. पोट उपाशीच, पण आता संप्रेरकं फारशी वाढेनात! म्हणजे त्रास उपासाचा नव्हताच, शेजाऱ्याला मिळतंय आणि मला नाही याचा होता.

आणि जे वाचून मी खरोखर थांबले ते जे वाइस यांचे उंदरांवरचे प्रयोग, साधारण १९७० च्या आसपासचे. दोन उंदरांच्या शेपट्या एकाच तारेला जोडलेल्या. दोघांना विजेचा झटका सारखाच, तेवढाच, त्याच क्षणी. फरक एकच. एकाला झटक्याच्या आधी सूचना मिळायची, दुसऱ्याच्या कानावर आवाज पडायचे पण त्यांचा झटक्याशी मेळ नसायचा. ज्याला कळत होतं त्याला अल्सर फार कमी झाले. ज्याला कळत नव्हतं त्याला पुष्कळ. वीज तीच. दुसऱ्या एका प्रयोगात एका उंदराला चाक फिरवून झटका थांबवता यायचा. त्यालाही कमी.

हे आठवणीत ठेवा, पुढे लागेल.

सेल्येच्या गोष्टीतला एक भाग मात्र मला सांगताना जड जातो. सरसकट शब्दाचा एक तोटा असतो, तो कुणालाही वापरता येतो. सिगारेट कंपन्यांना तो फारच सोयीचा होता. हृदयविकार धुरानं होत नाही, ताणानं होतो, आणि सिगारेट तर ताण हलका करते! १९६९ साली सेल्ये कॅनडाच्या संसदेच्या समितीपुढे बोलला, धूम्रपान हा ताणावरचा एक उतारा असू शकतो अशा अर्थाचं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या तंबाखू उद्योगाच्या संस्थेकडून त्याला वर्षाला ५० हजार डॉलर, असं तीन वर्षांचं अनुदान मंजूर झालं होतं. हे त्यानं समितीला सांगितलं नाही. १९९८ नंतर खटल्यांमुळे कंपन्यांचे अंतर्गत कागद खुले झाले आणि २०११ मधे मार्क पेटिक्रू आणि केली ली यांनी ते लावून सगळं मांडलं. ज्या माणसानं फळीवरच्या फॉर्मॅलिननं स्वतःचाच आवडता सिद्धांत मोडला, त्यानं हे करावं, याचं वाईट वाटतं. नोबेलसाठी त्याचं नाव सतरा वेळा सुचवलं गेलं, मिळालं नाही.

आता अल्सर. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना जठरात वाकडे जिवाणू दिसले. एवढ्या आम्लात जिवाणू जगूच शकत नाहीत, असं सगळे म्हणत होते. १९८४ मधे मार्शलनं ते जिवाणू चक्क पिऊन टाकले आणि काही दिवसांत त्याच्या जठराला दाह झाला. म्हणजे ज्या वर्षी बाबांच्या कागदावर 'मानसिक ताण टाळावा' लिहिलं गेलं, त्याच वर्षी. त्यात त्या डॉक्टरांचा काही दोष नाही, तेव्हा सगळीकडे हेच शिकवत होते. हा विचार सर्वमान्य व्हायला १९९४ उजाडलं, आणि २००५ मधे दोघांना नोबेल मिळालं.

बाबांचं दुखणं अधूनमधून चालूच होतं. १९९६ मधे भावजी त्यांना एका तरुण डॉक्टरांकडे घेऊन गेले. दुर्बिणीतून तपासणी झाली, तुकडा तपासला, जिवाणू निघाले. दोन आठवडे प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारी गोळी. बारा वर्षांचं दुखणं गेलं. पुढे बाबांनी मिसळसुद्धा खाल्ली.

म्हणजे ताण खोटा का? नाही. भाजलेल्या किंवा अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना आजही अल्सर होतात. तो जिवाणू कितीतरी जणांच्या पोटात असतो आणि बहुतेकांना अल्सर होत नाही, तेव्हा बाकीच्या गोष्टींचाही वाटा असणारच. दुखणं थांबवणाऱ्या काही गोळ्यांनीही तो होतो. सेल्येनं पाहिलेलं खरंच होतं. चूक झाली ती एकच कारण सगळ्याला पुरवण्यात. जंतू कारण असला की औषध शोधतात. ताण कारण ठरला की माणूस शोधतात, आणि तो बहुधा घरातच सापडतो. आमच्याकडे ती मी होते.

त्या दिवशी डॉक्टरांकडून आल्यावर मी बाबांना पहिल्यांदा ते गणिताचं सांगितलं. तिशीला टेकले होते मी तेव्हा. ते आधी हसले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "म्हणून का तुम्ही मला काही सांगत नव्हता?"

कारण आमच्या घरात बारा वर्षं नियम होता, बाबांना सांगू नका. ताईचं मोडलेलं लग्न त्यांना पंधरा दिवसांनी कळलं. माझी पहिली नोकरी सुटली ते कळलंच नाही. आईचं ऑपरेशन आदल्या दिवशी सांगितलं. आम्ही स्वयंपाकघरात कुजबुजायचो आणि ते बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलेले. त्यांना कळत असणारच की काहीतरी चाललंय, फक्त काय ते कळत नसणार. वाइसचा तो दुसरा उंदीर. ताण टाळावा म्हणून आम्ही नेमकं तेच केलं ज्यानं तो वाढतो. आत्या आता नाही, आणि तिचाही काही दोष नव्हता. सगळे प्रेमानंच वागत होते.

असो. हे सगळं आजच का लिहिलं? तर जानेवारीत माझं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. तेव्हापासून बघतेय, मी खोलीत आले की फोनवरचा आवाज खाली जातो. परवा बेंगळुरूहून लेकीचा फोन होता, तेव्हा जावयाचं काहीतरी चाललेलं होतं आणि मला पाहून "काही नाही गं आई, टेन्शन नको घेऊ" झालं. गोळी मी रोज सकाळी घेते, मीठ कमी केलंय, फिरायला जाते.

बाकी तुम्ही सगळे हा ब्लॉग वाचता हे मला माहीत आहे. तेव्हा जे काय असेल ते मला सांगत जा.